पडवीचा फोटो

चि. बाबू यास काकाचे अनेक आशीर्वाद.

परवा लालबागला आपल्या वाडीतले एकजण भेटले. चहा पिता पिता म्हणाले, ‘तुमचो बाबू घरकुलाचे फोटो काढता मां? त्येका जरा संभाळून रवाक सांगा.’ काकाचा चहा तिथेच राहिला. कुणा म्हातारीची पडवी वाढवल्याचं कागदावर आहे, जागेवर चिरा हललेला नाही, शेजारच्यांच्या नव्या पडवीचा फोटो चढवून ठेकेदाराने हप्ता काढला आणि मोबाईल तुझा, अशी बोलवा आहे. जामसंड्यात एकाचे चार व्हायला वेळ लागत नाही, हे काका जाणून आहे. तरी विचारतो: तो फोटो तू काढलास का?

नगरपंचायतीच्या हद्दीत प्रधानमंत्री आवासची शहरी योजना लागते. स्वतःच्या जागेत बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा 1 लाख. जुन्या घराला किमान 9 चौरस मीटर जोडले तरी चालायचं. पैसा हप्त्याहप्त्याने सुटतो आणि बांधकाम कुठवर आलं ते फोटोवरून ठरतं. इस्रोच्या ‘भुवन’वर त्या फोटोसोबत अक्षांश-रेखांशही जातात. शेजारची पडवी दहा पावलांवर, म्हणून आज खपून जाईल. पण उद्या कुणी टेप घेऊन म्हातारीच्या दारात उभा राहिला तर ठेकेदाराचं नाव फोटोवर कुठेच नसणार.

‘मी फक्त फोटो काढला’ असं म्हणू नकोस. जळगावात मोठ्यांसोबत लहानही अडकले. पालिकेने सुमारे 11 हजार घरकुलं बांधायला काढली, पुरी झाली दीड हजारांच्या आसपास. ठेकेदाराला मात्र कोट्यवधींची बिनव्याजी उचल मिळाली. 2006 साली आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. 31 ऑगस्ट 2019 ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी धरलं. माजी मंत्री सुरेश जैन यांना 7 वर्षं आणि 100 कोटींचा दंड, ही बातमी सगळ्यांनी वाचली. पण त्या यादीत साधे नगरसेवकही होते. पुढे जामीन झाले, अपिलं झाली. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे आहेत, त्याचं निभावतं. आपलं काय आहे? दादाची पाच कलमं.

मोठ्यांच्या गोष्टी तर विचारूच नकोस. गृहकर्ज देणाऱ्या डीएचएफएल कंपनीने वांद्र्याच्या, अस्तित्वातच नसलेल्या शाखेच्या नावावर 2 लाख 60 हजार खोटी कर्जखाती दाखवली आणि त्यातल्या अनेकांवर याच आवास योजनेतलं व्याजाचं अनुदान मागितलं, असा सीबीआयचा आरोप आहे. गुन्हा मार्च 2021 मध्ये नोंदला. अनुदानाचा आकडा 1,880 कोटी. खरा-खोटा निवाडा कोर्ट करील. पण ती खाती संगणकात भरायला बसलेली पोरंही तुझ्याच वयाची असतील, असं काकाला उगाच वाटत राहतं.

फोटो तू काढलास का, बाबू?

रागावून लिहिलं खरं. त्यामागे आपलं जुनं घर आहे; तुला ते ठाऊक नसेल, तुझ्या जन्माआधीचं. मिरगाच्या पहिल्या पावसात माजघर गळायचं आणि तुझी आजी टोपं मांडायची. काका तेव्हा गिरणीत. दर चतुर्थीला ‘पुढच्या वर्षी कौलं बदलू’ म्हणायचा. मग 1982 चा संप आला, गिरणी गेली. कौलं चढली तेव्हा आजी नव्हती. त्या म्हातारीच्या नावावर आलेला हप्ता दुसऱ्याने खाल्ला म्हटल्यावर काकाच्या डोळ्यांपुढे ती टोपंच येतात.

तू लबाड नाहीस. मोबाईलचा हप्ता थकलाय, ठेकेदाराने दोन महिन्यांचा पगार अडवलाय, हे वहिनीने फोनवर सांगितलं. आपणहून सांगितलं नाहीस याचं वाईट वाटलं, बाकी काही नाही. सोबत थोडे पैसे पाठवलेत. परत करायची भाषा करू नकोस.

शनिवारी रात्री तुतारी एक्स्प्रेसने निघतो, सकाळी कणकवलीला उतरेन. स्टेशनवर येऊ नकोस, काका एसटीने येईल. चुकीचा फोटो गेला असेल तर सोमवारी दोघे कार्यालयात जाऊन तसं लेखी देऊ आणि पोच घेऊ. गेला नसेल तर हे पाठवलेले पैसे घेऊन म्हातारीकडे एक फेरी मारू; तिचं छप्पर खरंच गळत असेल तर मिरगाआधी निदान प्लास्टिक तरी घालून येऊ. तोवर रात्रीचं जेवण चुकवू नकोस. वहिनी म्हणते, ताट झाकून ठेवते आणि तू तसाच झोपतोस.

तुझा,
काका