निकाल राखून ठेवला आहे

यंदाच्या गॅदरिंगमध्ये वादविवाद स्पर्धेचा विषय होता, ‘गुन्हेगारी रोखण्यासाठी देशात तुरुंग वाढवावेत’. चिठ्ठी उचलली तर माझ्या वाट्याला ‘बाजूने’ आलं. म्हटलं, चला, सोपं काम आहे! तुरुंगात गर्दी आहे, मग तुरुंग वाढवा. यात वाद कसला? आम्ही स्थापत्यवाले. बांधकाम म्हटलं की आमचे हात शिवशिवतात.

रात्री जेवणानंतर मेसमध्येच टेबलावर पाठांतर करत बसलो होतो. भांडी आवरणाऱ्या मावशी थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, मना पोऱ्या बी व्हता ना मझार. सात महिना.” मला धक्काच बसला. तीन वर्षं त्यांच्या हातची भाकरी खातोय, पण हे ठाऊक नव्हतं.

हकीकत अशी. मोटारसायकल चोरीच्या संशयावरून पोरगा धरला गेला. दुसऱ्याच महिन्यात कोर्टाने त्याला जामीन मंजूर केला. मग पुढचे पाच महिने तो आत का? कारण पंधरा हजारांचा जामीनदार मिळाला नाही. मावशी म्हणाल्या, “जामीनले सातबारा मांगतस. आमना जोडे कोठे शे जमीन?” मावशींचं माहेर-सासर साक्रीकडचं, राहणं इथे भाड्याच्या खोलीत. ज्यांच्याकडे सातबारा होता ते ओळखीचे नव्हते, आणि जे ओळखीचे होते त्यांच्याकडे सातबारा नव्हता. पोरगा चोर होता की नव्हता, हे कोर्टाने अजून सांगितलेलंच नाही. खटला चालूच आहे.

स्पर्धेच्या नियमाप्रमाणे मी ‘बाजूने’ बोललो, दुसरा नंबरही आला. पण तिथे जे बोलता आलं नाही ते इथे लिहितो आहे.

तुरुंगात नक्की कोण असतं?

आपली समजूत अशी, की गुन्हा केला, कोर्टाने शिक्षा दिली, माणूस तुरुंगात गेला. असे कैदी असतात, त्यांना ‘पक्के कैदी’ म्हणतात. पण ज्यांचा खटला अजून संपलेला नाही (पुष्कळदा सुरूही झालेला नाही) ते ‘कच्चे कैदी’. कायद्याच्या नजरेत ते निर्दोष असतात.

आता आकडे बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 31 डिसेंबर 2022 रोजी देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. तुरुंगांची क्षमता 4,36,266. म्हणजे शंभर जणांच्या जागेत एकशे एकतीस. हे तर आपण पेपरात वाचतो. पण त्यातले कच्चे कैदी किती? 4,34,302. दर चारांतले तीन! क्षमतेचा आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहा, जवळजवळ सारखेच आहेत. म्हणजे अख्ख्या देशाचे तुरुंग निकाल न लागलेल्या माणसांनीच भरून गेले होते. शिक्षा झालेल्यांसाठी जागा उरतच नव्हती.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे सगळे ‘निकाल राखून ठेवला आहे’वाले विद्यार्थी. आपला निकाल राखीव ठेवला तर आपण चार दिवसांत विद्यापीठात खेटे घालतो, डोकं धरून बसतो. इथे त्या दिवशी पाच वर्षांहून जास्त काळ निकालाची वाट पाहणारे अकरा हजारांहून अधिक होते. आणि आपण निकालाची वाट घरी बसून पाहतो, ते कोठडीत बसून पाहतात. एवढा फरक.

आणि ही माणसं कोण? कैद्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश एक तर निरक्षर, नाही तर दहावीच्या आत शिकलेले. दलित, आदिवासी, मागासवर्गीय यांचं प्रमाणही साधारण तेवढंच. गरीब माणूस जास्त गुन्हे करतो असं यावरून म्हणता येत नाही. पकडला गेल्यावर बाहेर पडायला त्याला जास्त वेळ लागतो, एवढं मात्र दिसतं.

थोडं गणित

ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरला रांगेचं प्रकरण असतं. त्यात लिटलचा नियम आहे. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये तो सिद्ध केला. नियम अगदी साधा:

आत असलेली माणसं = रोज येणारी माणसं × प्रत्येकाचा सरासरी मुक्काम

एक काल्पनिक तुरुंग घेऊ. रोज 10 जण येतात, सरासरी 60 दिवस राहतात. आत कायम 600 माणसं. कोर्टात तारखा लांबल्या आणि मुक्काम 90 दिवसांचा झाला, तर गुन्हा एकानेही न वाढता आत 900 माणसं! आता या सूत्रात ‘तुरुंगाची क्षमता’ कुठे आहे? शोधून बघा. नाहीच. भिंत बांधून ना येणारे कमी होतात, ना मुक्काम कमी होतो. मेसमध्ये टेबलं वाढवली म्हणून भाकरी लवकर थापल्या जात नाहीत, तसंच हे.

म्हणजे उपाय दोनच: विनाकारण आत येणं कमी करा, नाही तर मुक्काम कमी करा.

26 नोव्हेंबर 2022 रोजी, संविधान दिनाच्या कार्यक्रमात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी भर सभेत न्यायाधीशांसमोर हाच मुद्दा साध्या शब्दांत मांडला होता. देश प्रगती करतोय म्हणता, तर मग तुरुंग वाढवायची गरज का पडावी, असा त्यांचा सवाल होता. तो सूत्राशी तंतोतंत जुळतो.

कायदा काय म्हणतो?

कायदा वाईट नाही. उलट वाचल्यावर मला आश्चर्य वाटलं की इतकं सगळं आधीच लिहून ठेवलेलं आहे.

1978 चा मोतीरामचा खटला घ्या. मध्य प्रदेशातला हा माणूस गवंडी, म्हणजे आपल्याच धंद्यातला! जामिनासाठी त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ जामीन राहायला तयार झाला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी यावर कडक ताशेरे ओढले आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. पुढच्याच वर्षी, 1979 मध्ये, हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांतलं भयंकर वास्तव पुढे आलं. गुन्ह्याला जेवढी जास्तीत जास्त शिक्षा, त्याहून जास्त काळ माणसं खटल्याविना आत होती! खटला लवकर चालणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने तेव्हा सांगितलं.

2014 मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं, की सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक खरंच गरजेची आहे का ते आधी कागदावर लिहा. सूत्रातलं ‘येणारी माणसं’ कमी करायचा हा मार्ग. जानेवारी 2023 मध्ये त्याच न्यायालयाने जामीन मिळूनही आत राहिलेल्यांसाठी सूचना दिल्या. जामिनाचा आदेश ई-मेलने तुरुंगात पाठवावा, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करण्याचा विचार कोर्टाने करावा. हा मुक्काम कमी करायचा मार्ग. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 479 आहे. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला सोडण्यासाठी तुरुंग अधीक्षकांनी स्वतः कोर्टात अर्ज करायचा आहे. (जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले आरोपी यातून वगळले आहेत.)

मग अडतं कुठे? मावशींच्या पोराला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्याच्या वतीने विचारणारं कोणी नव्हतं. कलम पुस्तकात आणि माणूस कोठडीत, मध्ये कोणीच नाही.

दुसरी बाजू

वादविवादात समोरच्याचं म्हणणं टाळायचं नसतं. कोणी म्हणेल, “ज्याच्या घरी दरोडा पडला त्याला विचारा!” बरोबर आहे. साक्षीदाराला धमकावणारा, पळून जाण्याचा खरा संभव असलेला, पुन्हा पुन्हा हिंसा करणारा आरोपी खुला सोडा असं कोणीच म्हणत नाही. पण तो आत ठेवायचा तर तो धोकादायक आहे म्हणून ठेवा. आज चाळणी लागते ती धोक्याची नव्हे, ऐपतीची. पैसेवाला अट्टल गुन्हेगार जामीनदार उभा करून बाहेर येतो आणि भुरटा, किंवा निर्दोष, आत सडतो. यात दरोडा पडलेल्या घरालाही न्याय मिळत नाही, कारण त्याचाही खटला त्याच रांगेत अडकलेला असतो.

आणि चूक झाली तर? 2003 मध्ये नाशिक जिल्ह्यात घडलेल्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या समाजातल्या सहा जणांना शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना फाशीही कायम केली. पुढे त्याच न्यायालयाने फेरविचार करून 5 मार्च 2019 रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. सोळा वर्षं! आणि खरे गुन्हेगार मोकळेच राहिले. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण डोक्यातला शिक्का अजून पुरता पुसलेला नाही.

आपला वारसा

खान्देशातल्या माणसाला तुरुंग म्हटलं की धुळ्याचा तुरुंग आठवतो. 1932 साली विनोबा तिथे दर रविवारी गीतेवर बोलत, आणि अमळनेरला शिक्षक राहिलेले आपले साने गुरुजी ते उतरवून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ झाली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. आपण हे अभिमानाने सांगतो, सांगावंच. पण ती माणसं मनाने तयार होऊन आत गेली होती, बाहेर त्यांची वाट बघणारा देश होता. मावशींच्या पोराची वाट बघणाऱ्या एकट्या मावशी होत्या, आणि भेटीला जायचं तर त्यांचा एक दिवसाचा पगार कापला जात होता.

शिक्षा झालेल्यांशीही वेगळं वागता येतं, हे महाराष्ट्राने फार पूर्वी करून दाखवलंय. 1939 मध्ये औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. उंच भिंती नाहीत, कैद्यांनी शेती करायची, कुटुंबासह राहायचं. त्यामागे मॉरिस फ्रीडमन हा पोलंडमधून आलेला माणूस होता, आणि तो शिक्षणाने इंजिनिअर होता बरं का! शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) याच प्रयोगावरून सुचला.

मग आपण काय करायचं?

मोठ्या गप्पा नकोत. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, आपल्या जळगाव-धुळ्यातही आहे. कोठडीत असलेल्या कोणालाही तिथून वकील फुकट मिळतो. त्यासाठी 15100 हा फोन नंबर आहे.

दोन, 2023 पासून केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठी योजना आहे. जामिनाच्या पैशांसाठी कच्च्या कैद्याला मदत मिळू शकते.

तीन, जामीन मिळून महिना उलटला तरी माणूस आतच असेल, तर जातमुचलक्यावर सोडा असा अर्ज त्या वकिलाला करायला सांगा.

मेसवाला, वॉचमन, साईटवरचा मजूर, यांच्यापैकी कोणाच्या तरी घरी ही वेळ येतेच. आपल्याला त्यांच्यासाठी कोर्टात उभं राहायचं नाही. फक्त एक अर्ज नीट लिहून द्यायचा आहे. सबमिशनच्या रात्री आपण शंभर पानं लिहितो, हे तर एकच पान.

स्पर्धेचं प्रशस्तिपत्र मी मावशींना दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “यान्हावर शिक्का शे, हाई जामीनले चालई का?” मी हसलो, आणि मग हसू आलं नाही.