नंबरचं फेरूल

लकडगंज, नागपूर

चि. मृणाल,


ईटीओच्या, म्हणजे जहाजावरच्या इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसरच्या, कोर्सला तुझा नंबर लागल्याचं ताईने कळवलं. परवा फोनवर तू विजेवर चालणाऱ्या जहाजांबद्दलच बोलत होतीस. ती आहेतच तशी. 'क्वीन एलिझाबेथ २'ची वाफेची टर्बाइनं १९८६-८७ मध्ये काढून नऊ डिझेल जनरेटर आणि ४४ मेगावॉटच्या दोन मोटरी बसवल्या. आपल्या दुकानात आरामशिनीची चाळीस हॉर्सपॉवरची मोटर वाइंडिंगला आली की पोरं तिला हत्ती म्हणतात. त्या जहाजावरची एकेक जवळपास साठ हजारांची!

पण तुझ्या वाट्याला बहुधा साधं मालवाहू जहाज येईल. दिवसचे दिवस एकाच वेगाने जायचं असेल तर प्रोपेलर थेट डिझेल इंजिनाला जोडलेला बरा. जनरेटर, कन्व्हर्टर, मोटर असा फेरा घातला की आठ-दहा टक्के शक्ती वाटेतच जाते. क्रूझ किंवा फेरीचा वेग सारखा कमीजास्त होतो, म्हणून तिथे तो फेरा परवडतो. डिझेलचं जहाज मिळालं म्हणून हिरमुसू नकोस. वीज गेली की तेही लुळं पडतं.

'डाली' या मालवाहू जहाजाचं बघ. २६ मार्च २०२४, बाल्टिमोर. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय. बंदरातून निघताच वीज गेली, कूलिंगचा पंप थांबला, पाण्याचा दाब पडला आणि मुख्य इंजिन आपोआप बंद झालं. वीज आली, पुन्हा गेली. जहाज एका पुलाच्या खांबावर आदळलं. पुलावर काम करणारे सहा मजूर गेले. अमेरिकेच्या तपास यंत्रणेला पहिल्या ब्लॅकआउटच्या मुळाशी एक सैल सिग्नल वायर सापडली. वायरवरचं नंबरचं फेरूल, म्हणजे नंबर लिहिलेली छोटी नळी, आडवं आल्यामुळे ती टर्मिनलमध्ये पुरती बसलीच नव्हती, आणि तेवढ्याने ब्रेकर उघडला. म्हणून वायर लावलीस की ओढून बघ. दुसऱ्याने लावलेलीही. सीनियरला राग आला तर येऊ दे.

आणखी एक. लकडगंजात कितीही मोटरी एकदम चालू झाल्या तरी मागे महावितरण आहे. जहाजाची वीज जहाजावरच तयार होते. बो थ्रस्टर, म्हणजे जहाजाचं नाक आडवं ढकलणारा पंखा, चालू करण्याआधी आणखी एक जनरेटर लाइनवर घ्यावा लागतो, नाहीतर सगळंच बसायचं. तिथे ४४० व्होल्टच्या लाइनचा न्यूट्रल सहसा अर्थ केलेला नसतो. त्यामुळे एका फेजला अर्थ फॉल्ट झाला तरी ब्रेकर पडत नाही, सुकाणूची मोटर चालू राहते. सोय चांगली आहे, पण माणूस तिच्यामुळे सुस्तावतो. दुसऱ्या फेजलाही अर्थ लागला की थेट शॉर्ट सर्किट. इन्सुलेशन मीटरचा अलार्म झाला की दाबून गप्प करू नकोस. एकेक फीडर बंद करत फॉल्ट शोध. असे फॉल्ट बरेचदा ओल धरणाऱ्या जागी सापडतात: डेकवरचे दिवे, स्वयंपाकघरातले हीटर.

कोर्स सुरू व्हायच्या आधी आठवडाभर दुकानात ये. दोन जुने स्टार्टर पॅनेल तुझ्यासाठी राखून ठेवलेत, इन्सुलेशन तपासायला मेगर आहेच. डबा आणू नकोस, मामी जेवू घालेल.

तुझा,
मामा