बाळाचे नाव : लहान, पण अर्थाचे



घरात मुलगा जन्मला की नाव काय ठेवावे, हा प्रश्न येतो. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबात तो अधिक अवघड असतो. जुनी रीत सोडलेली असते, नवी अजून अंगवळणी पडलेली नसते. म्हणून आजचा पाठ नावाविषयी.

नाव ही क्षुल्लक गोष्ट नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील 31 व्या श्लोकात सांगितले आहे की, ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदासूचक असावे. 25 डिसेंबर 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला जिचे दहन झाले, तीच ही मनुस्मृती. आता आपल्या वाडवडिलांची नावे आठवा : धोंड्या, दगडू, कचरू, केरबा, भिक्या. ही सगळी नावे त्या श्लोकामुळेच पडली असे नव्हे. मुले जगत नसत, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी इतर जातींतही अशी नावे ठेवीत. पण आपल्या वाट्याला नावाचा हलकेपणा आणि जातीचा हलकेपणा, दोन्ही एकत्र आले.

माझ्या वडिलांचे नाव उकिरडा. त्यांच्या आधीची दोन भावंडे पाळण्यातच गेली. तिसऱ्या खेपेस आजीने बाळाला उकिरड्यावर ठेवले आणि लगेच उचलून छातीशी धरले. टाकलेल्या पोरावर कोणाची नजर जात नाही, ही तिची समजूत. आजीची माया खोटी नव्हती. पण शाळेत हजेरीला माझे पूर्ण नाव वाचले की वर्ग हसे, आणि मी मधले नाव तोंडातल्या तोंडात म्हणायला शिकलो. पुढे पदवीचा कागद घरी आणला. वडिलांनी त्यावर बोट ठेवून विचारले, "यात माझं नाव कुठं आहे?" मी दाखवले. त्या दिवशी मला त्यांच्या नावाची नव्हे, माझीच लाज वाटली.

आता विनयपिटकातील जीवकाची कथा पाहा. राजगृहातील गणिका सालवती हिने आपले नवजात बाळ सुपात घालून उकिरड्यावर टाकविले. राजपुत्र अभय तेथून जात असता त्याला कावळ्यांचा घोळका दिसला. चौकशी केली तेव्हा मूल जिवंत असल्याचे कळले. जिवंत सापडला म्हणून नाव जीवक. तो तक्षशिलेला वैद्यक शिकला आणि पुढे भगवान बुद्धांवर उपचार करणारा वैद्य झाला. मूल सापडले उकिरड्यावर, पण नाव पडले जगण्यावरून. आपण हाच धडा घ्यावयाचा. आज मूल वाचते ते लसीने, दुधाने आणि स्वच्छतेने. वाईट नावाने नाही.

नाव निवडताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

1. अक्षर पंचांगाला विचारू नका. अश्विनी नक्षत्र म्हणून चू, चे, चो, ला यांतूनच नाव शोधायचे, हे बंधन आपल्याला नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील आठवी प्रतिज्ञा आठवा. ब्राह्मणाहातून विधी नको. त्रिशरण-पंचशील घ्या आणि नाव सांगा. आत्याचा मान आत्याला राहू द्या.

2. नाव दोन-तीन अक्षरांचे असू द्या. आजीला उच्चारता यावे आणि पहिलीतल्या मुलाला स्वतः लिहिता यावे. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदांवर बाळाचे नाव, आईचे, वडिलांचे आणि मग आडनाव, असा क्रम आहे. पहिले नाव आटोपशीर असलेले बरे.

3. नाव वेगळे, पण अर्थाचे हवे. राहुल, मिलिंद, सिद्धार्थ ही नावे प्रिय आहेत. म्हणूनच माझ्या एका वर्गात तीन राहुल आहेत. सुनीत हे नाव पाहा. राजगृहात कोमेजलेली फुले झाडणारा हा माणूस बुद्धांच्या संघात अर्हत झाला. उपाली कपिलवस्तूचा नाभिक. शाक्य राजपुत्रांच्या आधी त्याला प्रव्रज्या मिळाली, म्हणून राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. यश हा वाराणसीच्या श्रेष्ठीचा मुलगा, आरंभीच्या भिक्षूंपैकी एक. जीवक तर आपण पाहिलाच.

4. नोंद वेळेवर करा. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी. नाव ठरले नसेल तरी नोंद होते. नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंबशुल्क पडते. ऱ्हस्व-दीर्घ आणि इंग्रजी स्पेलिंग आधीच ठरवून कागदावर लिहून न्या.

5. पूर्ण नावाने हाक मारा. गावात पांढऱ्या केसांच्या आपल्या माणसाला शेंबडे पोरही "धोंड्या" म्हणे. आपणच घरात सुनीतचा "सुन्या" केला, तर बाहेरच्याला काय सांगणार?

आणि ज्यांच्या घरात अजून एखादे उकिरडा, कचरू आहेत, त्यांना विनंती : त्यांचे नाव लपवू नका. बाळाचे नाव त्यांच्याच तोंडून जाहीर करा. माझ्या मुलाचे नाव जीवक आहे. ते पहिल्यांदा माझ्या वडिलांनी उच्चारले.

घरचा अभ्यास : आपल्या तीन पिढ्यांची नावे एका कागदावर लिहा. प्रत्येकापुढे अर्थ लिहा. मग चौथे नाव ठरवा.

भवतु सब्ब मंगलं.