डोळ्यातील भिंग

मानवत ही परभणी जिल्ह्यातील कापसाची बाजारपेठ होय. हंगामात येथे धुळीबरोबर कापसाचे तंतूही उडतात. चष्म्यावर बसलेली धूळ पुसता येते. परंतु ज्यांचे भिंग डोळ्यातच बसविलेले असते, त्यांना अधिक जपावे लागते. या भिंगास कॉन्टॅक्ट लेन्स म्हणतात. १९६१ साली ओटो विख्तर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने मुलांच्या खेळण्यातील सुटे भाग जोडून यंत्र तयार केले व त्यावर मऊ भिंगे घडविली.

बुबुळावरील पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. तो प्राणवायू मुख्यत्वे हवेतून घेतो. भिंग घालून झोपल्यास त्यास प्राणवायू अपुरा पडतो आणि रोगजंतूंचे फावते. शिवाय मऊ भिंग पाणी शोषून घेते. नळाचे, विहिरीचे वा गोदावरीचे पाणी कितीही निर्मळ दिसो, त्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो बुबुळास जखम करतो. जखम भरली तरी तेथे फूल पडून दृष्टी अधू होऊ शकते.

म्हणून मुलांनो, घरात कोणी अशी भिंगे वापरीत असेल, तर त्यास एवढे अवश्य सांगा. साबणाने हात धुऊन कोरडे करावेत, मगच भिंगास स्पर्श करावा. भिंगे पाण्याने न धुता त्यांच्या औषधी द्रावणानेच धुवावीत; द्रावण रोज नवे घ्यावे. डबी दर तीन महिन्यांनी बदलावी. स्नानापूर्वी, पोहण्यापूर्वी व निजण्यापूर्वी भिंगे काढून ठेवावीत. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सोसेना, तर भिंग तत्काळ काढून नेत्रवैद्याकडे जावे. घरगुती औषधे घालीत बसू नये. एका दिवसाचा विलंबही डोळ्यास महाग पडू शकतो.