डबकं निवळेपर्यंत



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय २०.

खरं सांगायचं तर हा अध्याय मी दोन वर्षं नुसता स्क्रोल करत आलोय. १९व्या अध्यायात कृष्ण वणवा गिळून टाकतो, २१व्यात वेणुगीत आहे. मधल्या या ४९ श्लोकांत ‘घडत’ काहीच नाही. आधी पाऊस, मग शरद ऋतू, बस्स. पण जरा सावकाश वाचलं की त्याची रचना लक्षात येते. बऱ्याच श्लोकांत अर्धा भाग बाहेर दिसणाऱ्या गोष्टीचा आणि अर्धा माणसाच्या मनाचा. ढग, चिखल, मासे, शेताचे बांध असं काहीतरी दाखवायचं आणि लगेच म्हणायचं, बघ, तुझ्यातही असंच चालू असतं. या वेळी हा अध्याय मी टेकडीवरून आल्यावर वाचला, म्हणून बहुतेक कळला.

त्याआधी शुक्रवारचं सांगावं लागेल. सांगायला आवडत नाहीये, पण या ब्लॉगवर फक्त चांगलं चांगलं लिहायचं नाही असं आपलं ठरलंय.

शुक्रवारी रात्री मी ऑन-कॉल होतो. रिलीज फसलं होतं, रोलबॅक अडकला होता, कॉलवर सहा जण एकाच वेळी बोलत होते. तेवढ्यात थोरली (वय वर्षं ७) चित्र दाखवायला आली. “बाबा, बघ ना.” एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी लॅपटॉप आपटून बंद केला आणि ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. ती रडली नाही, चित्राची गुंडाळी करून आत निघून गेली. रडली असती तर बरं झालं असतं असं नंतर रात्रभर वाटत राहिलं.

रविवारी शाळेचा प्रोजेक्ट होता. छापील कागदावर लाल-पिवळ्या पानांचं झाड, आणि खाली सूचना : शरद ऋतूतली गळलेली पानं गोळा करून चिकटवा. ऑक्टोबरात, पुण्यात! आपल्याकडे पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, पाऊस सरलेला आणि झाडं अजून हिरवीगार. कागद बनवणाऱ्याने बहुधा दुसऱ्याच देशाचा शरद बघितला असावा. पण मुलांना घेऊन बाहेर पडायला निमित्त मिळालं. दसरा होऊन गेला होता, कोजागिरी यायची होती. सकाळी लवकर वेताळ टेकडीवर जायचं ठरलं. मी, थोरली आणि चार वर्षांचा धाकटा.

बूट घालताना थोरलीने विचारलं, “बाबा, तू आज चिडणार आहेस का? म्हणजे मग मी आज्जीकडेच थांबते.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. छत्री घेऊ का विचारावं तसं विचारलं तिने. मी नाही म्हणालो. पण त्या ‘नाही’वर तिचा किती विश्वास बसला असेल, मला शंका आहे.

वर पोचलो तर गवत सोनेरी व्हायला लागलेलं. आकाशात पांढरे, कापसासारखे, रिकामे ढग. धाकटा चतुरांच्या मागे “हेलिकॉप्टर, हेलिकॉप्टर” करत पळत होता. पावसाळा संपता संपता हे पिवळट चतुर थव्याने दिसतात, आणि त्यातले कितीतरी समुद्र ओलांडून पार आफ्रिकेपर्यंत जातात. हे मी त्याला सांगितलं. त्याने विचारलं, “डबा घेऊन जातात?”

मग कुसळं. दहा मिनिटांत तिघांचे मोजे कुसळांनी भरले. धाकट्याने भोकाड पसरलं आणि माझ्या डोक्यात ती ओळखीची सणक यायला लागली. फुल मोजे घाल म्हणून घरी दोनदा सांगितलं होतं! पण थोरली माझ्या तोंडाकडे बघत होती. ती बघतेय हे दिसलं, म्हणून मी खाली बसलो आणि एकेक कुसळ काढायला लागलो. त्यातलं एक तळहातावर ठेवून वर पाण्याचा थेंब टाकला. कुसळाची पीळदार शेपटी ओली झाली की स्वतःभोवती फिरते. बी जमिनीत घुसवायची तिची ती युक्ती आहे. दोघं डोळे फाडून बघत बसले. वीस-पंचवीस कुसळं फिरवून झाली असतील, रडणं कुठल्या कुठे गेलं.

पुढे कातळावर एक डबकं होतं. वीतभर खोल, पावसाचं उरलेलं पाणी. वर निवळ्या सरसर पळत होत्या, खाली तळातलं एक पान स्वच्छ दिसत होतं. “ते पान मला हवंय,” थोरली म्हणाली आणि तिने काठी घातली. क्षणात सगळं चहासारखं झालं. पान गायब, निवळ्या गायब. मग ती गाळ काठीने खाली दाबायला लागली, धाकटा ओंजळीने ‘घाण पाणी’ बाहेर काढायला लागला. जितकं करतील तितकं जास्त गढूळ. मला हसू आलं, कारण शनिवारभर मी घरात हेच करत होतो. शुक्रवारचं निस्तरायला चॉकलेट आण, जोक मार, तिच्या मागे मागे फिर, ‘बाबावर रागावलीस का गं’ दर तासाला विचार. काठी माझ्याही हातात होतीच की.

“आता काहीच करायचं नाही,” मी म्हणालो. “काठी बाहेर. लांब बसायचं.”

“किती वेळ?”

इंजिनिअरला आकडा सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. पाच मिनिटं म्हणालो. ते चुकलं. जाड माती मिनिटभरात बसली, पण बारीक गाळाचं वजनच इतकं कमी की तो तरंगतच राहिला. मग डबा उघडला. दहीभात होता. (घरी येऊन वाचलं तर याच अध्यायात कृष्ण बलरामाला आणि सवंगड्यांना घेऊन पाण्याकाठच्या शिळेवर घरून आणलेला दहीभात खातो! मला अक्षरशः काटा आला. पिकनिकचा मेनू इतक्या शतकांत बदललेला नाही.)

भात खाता खाता थोरली म्हणाली, “परवा तू माझ्यावर का ओरडलास?”

“ऑफिसच्या कामात खूप गडबड झाली होती.”

“मग ऑफिसवर ओरडायचं ना.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारणं होती, पण ती सगळी काठीने गाळ दाबण्यासारखी. मी एवढंच म्हणालो, “चुकलं माझं. तुझं चित्र दाखवशील?” ती म्हणाली, “ते मी फाडलं.” आणि परत भात खायला लागली. मी गप्प बसलो. काही भरपाई करायला गेलो नाही, ती तशी व्हायचीही नव्हती. बराच वेळ आम्ही तिघं नुसते बसलो. वारा, गवताचा आवाज, तारेवर वेडे राघू. त्या वेळात मला जे वाटलं त्याला शांती म्हणायचं तर म्हणा. आनंद नव्हता तो. हातातलं काहीतरी खाली ठेवल्यासारखं होतं.

अर्ध्या तासाने पान दिसलं. अंधुक, पण दिसलं.

आता श्लोकाकडे. शरद वर्णनाच्या सुरुवातीलाच म्हटलंय की शरदात कमळं उमलली आणि पाणी आपल्या मूळ प्रकृतीला परत आलं; जसं योगापासून ढळलेल्यांचं चित्त पुन्हा योगाला लागलं की मूळपदावर येतं. यातले दोन शब्द मला महत्त्वाचे वाटतात. एक ‘प्रकृती’. नितळपणा हा पाण्याचा स्वतःचा स्वभाव आहे, तो बाहेरून आणावा लागत नाही. गाळ पावसाने आणलेला. आपण ‘मला शांती मिळवायचीय’ म्हणतो तेव्हा ती कुठल्या तरी ॲपवर मिळेल अशा थाटात म्हणतो. दुसरा शब्द ‘भ्रष्ट’. आज तो ऐकला की भ्रष्टाचार आठवतो, पण इथे अर्थ आहे घसरलेला, वाटेवरून सुटलेला. म्हणजे ही उपमा सिद्धपुरुषांसाठी नाहीच. ती शुक्रवारी रात्री घसरलेल्या माणसासाठी आहे, आणि त्याच्यासाठी शब्द आहे ‘पुन्हा’. पुन्हा बसायचं, पुन्हा नाम घ्यायचं.

थोडं पुढे आणखी एक श्लोक आहे, तोही आज वाचाच. जमीन चिखल सोडते आणि वेली कच्चेपणा सोडतात, तसे धीर पुरुष देहाबद्दलचं ‘मी’ आणि ‘माझं’ सोडतात. कसे? हळूहळू. संस्कृतात हा शब्द तिथे लागोपाठ दोनदा आलाय. व्यासांनाही बारीक गाळाचा अंदाज होता म्हणायचा.

या आठवड्यात एक करून बघा. चिडचिड झाली की लगेच ‘शांत व्हायचा’ प्रयत्न करू नका. तोंड बंद, हात रिकामे, मोबाईल पालथा, आणि पाच मिनिटं नुसतं मनात नाम. पाचात नाही निवळलं तर बसून राहा. मी हे मंगळवारी एका मीटिंगनंतर केलं आणि जमलं. बुधवारी नाही जमलं. धाकट्याने कीबोर्डवर दूध सांडलं, मी आवाज चढवला. फरक एवढाच, की मधेच थांबलो.

प्रोजेक्टच्या कागदावर थोरलीने तीन कुसळं आणि एक हिरवं पान चिकटवलं. डबक्यातलं पान तिने घेतलंच नाही. काठी घालावी लागेल म्हणाली.

उद्या अध्याय २१. तो सुरूच होतो शरदातल्या स्वच्छ पाण्यापासून, आणि कृष्ण गाई-गोपाळांना घेऊन रानात शिरतो. वाचून या.

जय हरी!