तुळशीचे अरण्य आणि नळाचे पाणी

चेन्नईमधील तिरुवल्लिकेणी हा समुद्रकाठचा जुना भाग. इंग्रजांनी त्याचे ‘ट्रिप्लिकेन’ केले, पण मूळ तमिळ नावाला अर्थ आहे. ‘तिरु’ म्हणजे श्री किंवा पवित्र, ‘अल्लि’ म्हणजे कुमुदिनी आणि ‘केणी’ म्हणजे तळे. येथील पार्थसारथी मंदिर पल्लवकालीन, आठव्या शतकातील आहे. मंदिराच्या पुष्करिणीचे नाव कैरविणी. कैरव म्हणजेही कुमुदच. या क्षेत्राला परंपरेने ‘बृंदारण्य’ म्हणतात, म्हणजे तुळशीचे अरण्य.

आज तेथे अरण्य नाही. दाटीवाटीची घरे, दुकाने, खानावळी आणि माणसांची अखंड वर्दळ आहे. तरीही भाविकांच्या मुखी ‘बृंदारण्य क्षेत्र’ हे नाव आहे. आपल्या पूर्वजांनी देवाच्या निवासस्थानाची ओळख तळ्याने आणि अरण्याने का करून दिली असेल? या प्रश्नावर आपण थोडे चिंतन करूया.

जगातील महावने

पृथ्वीवरील जमिनीपैकी सुमारे 31 टक्के भाग वनांनी व्यापलेला आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या 2020 च्या अहवालानुसार हे क्षेत्र सुमारे 406 कोटी हेक्टर भरते. त्यातील निम्म्याहून अधिक वने रशिया, ब्राझील, कॅनडा, अमेरिका आणि चीन या पाच देशांत आहेत. उत्तरेकडे सूचिपर्णी वृक्षांचा तैगा, दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन, आफ्रिकेत काँगोचे खोरे, आग्नेय आशियात बोर्निओ-सुमात्राची वर्षावने, अशी ही महावने पसरली आहेत.

ॲमेझॉनला ‘पृथ्वीची फुप्फुसे’ म्हणण्याची पद्धत आहे. हे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. तेथील झाडे प्रचंड प्राणवायू निर्माण करतात हे खरे. पण झाडांचे स्वतःचे श्वसन आणि पडलेल्या पाचोळ्याचे कुजणे यांत तो जवळजवळ सगळा खर्चही होतो. मग या वनाचे महत्त्व कशात आहे? एक, ते कर्ब धरून ठेवते. दोन, ते असंख्य जीवांचे घर आहे. आणि तीन, ते पाऊस घडवते. समुद्रावरून आलेले बाष्प पावसाच्या रूपाने पडते, मुळे ते पाणी शोषतात, पाने ते पुन्हा हवेत सोडतात आणि तेच पाणी पुढे आणखी आत जाऊन बरसते. एनेआस सलाती या ब्राझिलियन वैज्ञानिकाने 1970 च्या दशकात हे दाखवून दिले. वन तुटले की ही साखळीही तुटते.

सह्याद्री आणि चेन्नई

आता आपल्या घराकडे पाहूया. पश्चिम घाटाची रांग सुमारे 1600 किलोमीटर लांब आहे. 2012 मध्ये त्यातील 39 स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही त्यांतील महाराष्ट्राची चार. गोदावरी, कृष्णा, कावेरी या घाटातच उगम पावतात.

कृष्णेचा उगम महाबळेश्वरचा. तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हा पाऊस उघड्या कातळावर पडला असता तर मातीसह वाहून गेला असता. वनातील पाचोळा आणि मुळे त्याला थांबवतात, जमिनीत मुरवतात आणि पुढे कित्येक महिने झऱ्यांतून हळूहळू सोडतात.

1976 मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी आपापल्या वाट्यातील प्रत्येकी 5 अब्ज घनफूट कृष्णेचे पाणी चेन्नईला पिण्यासाठी देण्याचे मान्य केले. त्यातून तेलुगू गंगा योजना उभी राहिली. श्रीशैलमहून सोमशिला, तेथून कंडलेरू आणि पुढे कालव्याने हे पाणी चेन्नईजवळच्या पूंडी जलाशयात येते. ठरलेले सगळे पाणी दरवर्षी पोहोचते असे नाही. पण जेव्हा पोहोचते तेव्हा तिरुवल्लिकेणीतल्या एखाद्या घरातील आजी देवापुढे तांब्या भरून ठेवते, त्यात महाबळेश्वरच्या रानाचाही अंश असू शकतो.

संबंध एवढाच नाही. पश्चिम घाटातील वने हवेत सोडतात ते बाष्प तमिळनाडूच्या नैर्ऋत्य मोसमी पावसाला हातभार लावते आणि पाऊस कमी असलेल्या वर्षी हा वाटा वाढतो, असे मुंबई आयआयटीच्या संशोधकांनी 2018 मध्ये मांडले. म्हणजे कालव्याने जाणारे पाणी एक आणि आकाशातून जाणारे दुसरे.

याच चेन्नईने डिसेंबर 2015 मध्ये महापूर पाहिला आणि 2019 च्या उन्हाळ्यात प्रमुख जलाशय कोरडे पडलेलेही पाहिले. पाणी थांबवणारी तळी, पाणथळ जागा आणि झाडी कमी झाली की तेच पाणी कधी संकट होऊन येते, तर कधी येतच नाही. कुमुदिनींचे तळे आणि तुळशीचे अरण्य ही नावे पूर्वजांनी का जपली, याचे एक उत्तर येथे मिळते.

आपण काय करू शकतो?

महाराष्ट्रात गावोगावी देवराया आहेत. देवाच्या नावाने राखलेल्या या रानातून वाळलेली काटकीही घरी न्यायची नाही, असा अनेक ठिकाणी दंडक होता. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतील दुर्मीळ वनस्पतींचे मोल जगापुढे आले. आज अनेक ठिकाणी देवराई तोडून मोठे मंदिर बांधण्याचा उत्साह दिसतो. अशा वेळी नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगावे लागेल की देवाचे घर ते रानच होते.

वृक्षारोपण चांगलेच आहे. पण एकाच जातीची झाडे रांगेत लावली म्हणजे वन होत नाही. वन म्हणजे वृक्ष, वेली, बुरशी, कीटक, पक्षी यांचे एकत्र कुटुंब. म्हणून असलेले वन राखणे हे पहिले कर्तव्य. नवे लावणे हे त्यानंतरचे. लावायचेच तर स्थानिक झाड लावावे आणि निदान तीन उन्हाळे त्याला पाणी घालावे.

स्वाध्यायासाठी

1. आपल्या घरच्या नळाचे पाणी कोणत्या नदीचे, कोणत्या डोंगरातून येते? शोधून लिहा.
2. आपल्या गावाच्या किंवा वस्तीच्या नावात एखादे झाड, तळे किंवा रान आहे का? ते आज तेथे आहे का?
3. जवळच्या देवराईला किंवा जुन्या तळ्याला मंडळींसह भेट द्या आणि त्याची काळजी सध्या कोण घेते ते विचारा.