ओळखा पाहू : ही कोणती माशी?

माशीचे नाव काढले की आपण नाक मुरडतो. पण सगळ्याच माश्या घाणीवर बसत नाहीत. काही माश्या शेतकऱ्याच्या मित्र असतात. अशाच एका माशीची माहिती मी लिहीत आहे.

आमच्या शाळूच्या बांधाला कोथिंबीर फुलावर आली होती. त्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एक लहान माशी यायची. ती हवेत एकाच जागी थांबायची, जणू दोऱ्याने टांगली आहे. आबा म्हणाले, "गांधीलमाशीची जात दिसतीय. लांब ऱ्हा, चावंल." आजी म्हणाली, "मधमाशी हाय ती." मी बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "आधी नाव नको विचारू. आधी अवयव नीट बघ." मग मी माशी काचेच्या बरणीत धरली, भिंगातून बघितली आणि सोडून दिली.

मला दिसले ते असे :

१) पंख दोनच. मधमाशीला आणि गांधीलमाशीला चार पंख असतात. पंखांच्या मागे टाचणीच्या डोक्यासारख्या दोन गाठी. त्यांनी उडताना तोल राहतो.
२) डोळे खूप मोठे. डोके जवळजवळ डोळ्यांनीच भरलेले.
३) मिशा अगदी आखूड. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या असतात.
४) मागच्या पायांवर परागाचा गोळा नाही.
५) गांधीलमाशीसारखी बारीक कंबर नाही.
६) नांगी नाही.

बाई म्हणाल्या, "दोन पंख म्हणजे ही माशीच. हिला सिरफिड माशी म्हणतात." ती चावत नाही. नुसते मधमाशीसारखे रूप घेते, म्हणजे पाखरे भिऊन तिला खात नाहीत.

ही माशी माव्यात पांढरी अंडी घालते. त्यातून बिनपायांची अळी निघते. ती मावा धरून त्यातला रस शोषते. एक अळी शेकडो मावा खाते. सांगली जिल्ह्यात २००२ साली उसावर लोकरी मावा आला आणि पुढे कर्नाटकातही पसरला. त्या माव्याला खाणाऱ्या किड्यांतही सिरफिडच्या अळ्या होत्या.

आमच्या शाळूवरही मावा पडून पाने चिकट झाली होती. आप्पा औषध मारणार होते. मी त्यांना पान उलटून दाखवले. माव्यात हिरवट अळ्या होत्या आणि माव्याची रिकामी सालटी पडली होती. औषधाने अळ्याही मेल्या असत्या. आप्पांनी पंप खाली ठेवला. म्हणाले, "चार दिस थांबू." आठ दिवसांनी मावा पुष्कळ कमी झाला होता. लाल ढालकिडेही त्याला खात होते.

मित्रांनो, अनोळखी माशी दिसली तर लगेच मारू नका. पंख मोजा, डोळे बघा, मिशा बघा. नांगीवाली असू शकते म्हणून हातात मात्र धरू नका. पालकांनीही फवारणीच्या आधी पानाची खालची बाजू जरूर बघावी.

— इयत्ता ४ थी